गरी नॉर्वेची, काठी परतवाड्याची

आमच्या घरात विकतचं जाळं पहिल्यांदा आलं तेव्हा मी दहावीत होतो. जाळं ही दुकानात मिळणारी वस्तू आहे, हे तोवर मला ठाऊकच नव्हतं. आम्ही भोई. दर्यापूर तालुक्यात पूर्णेच्या काठाला आमचं गाव. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत नदीतले मासे आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की त्याच नदीच्या रेतीत डांगरं-टरबुजांची वाडी, असं घरचं चालायचं. जाळं आजोबा विणायचे. अकोल्याहून पिळाचं सूत यायचं, बांबूची सुई घरीच तासलेली असायची आणि डोळा सारखा यावा म्हणून एक गुळगुळीत पट्टी असायची. विणून झालं की बाभळीची साल उकळून त्या लालसर पाण्यात जाळं बुडवायचं, म्हणजे ते लवकर कुजत नसे. तरी कुजायचंच. दर खेपेनंतर उन्हात वाळवावं लागे, पुन्हा पुन्हा सालीचं पाणी पाजावं लागे आणि आजोबांचे निम्मे दिवस डागडुजीत जात.

नायलॉनने हे सगळं थांबवलं. अमेरिकेत 1938 साली जाहीर झालेला हा धागा आमच्या गावात बऱ्याच उशिरा पोचला, पण पोचल्यावर सुताला त्याने जागाच ठेवली नाही. न कुजणारं, ओलं झाल्यावर जड न होणारं, पाण्यात माशाला सहज न दिसणारं जाळं हाती आल्यावर सुताचं जाळं कोण विणणार? मला सुताच्या जाळ्याची हळहळ वाटत नाही. आजोबांच्या बोटांना पडलेल्या चिरा मी पाहिल्या आहेत. पण त्या एका खरेदीबरोबर आमच्या घराला एक प्रश्न चिकटला, तो मला मोठेपणी कळला. हातातली वस्तू कोण बनवतं, कुठं बनवतं, ती मोडली तर दुरुस्त कोण करणार, हे आम्हाला सांगता येईना.

मी पुढे शिक्षक झालो. नोकरी अमरावतीला, घर अकोल्याला. निवृत्त झाल्यावर नातीने हट्ट धरला की मासे धरायला शिकव. तिच्यासाठी नवं सामान घ्यायचं ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की शक्य तितकं सगळं आपल्या देशात बनलेलं घ्यायचं, आणि जमलं तर आपल्या मुलखात बनलेलं.

अकोल्यात दोर-जाळ्यांचं एक जुनं दुकान आहे. वडील तिथूनच सामान आणत. मालकाचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. त्याला म्हटलं, देशी बनावटीचं दाखव. तो गोंधळला.

“काहून जी मास्तर? बाहेरचं चालत नाई का तुमाले?”

“चालते बाबू. पण आपलं काय काय हाय, थे पाह्यचं हाय मले.”

“मंग पुड्या उलट्या करून पाहा लागन. म्या बी नाई पायलं कधी.”

आम्ही दोघांनी बसून पुड्या उलट्या केल्या. हे काम कुणीही करून पाहावं. बंद पाकिटातल्या आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचा पत्ता छापणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनंतर ऑनलाइन विकणाऱ्यांनाही वस्तूचा देश दाखवावा लागतो. त्यामुळे माहिती लपलेली नसते, फक्त बारीक अक्षरात असते. एका छान रंगीत काठीवर नाव अगदी आपल्याकडचं होतं. खाली लिहिलेलं: मूळ देश चीन. ही फसवणूक नव्हे, त्यांनी छापलेलंच होतं. चीनच्या शानतुंग प्रांतातलं वेइहाय हे शहर मासेमारीच्या काठ्यांचं जगातलं मोठं केंद्र आहे. जपानी, युरोपी, अमेरिकी, भारतीय अशा कितीतरी नावांच्या काठ्या त्या भागातून निघतात. कार्बनच्या धाग्याचं कापड गुंडाळून, भट्टीत भाजून पोकळ काठी करायची हे काम तिथं इतक्या मोठ्या प्रमाणावर होतं की किमतीत त्यांच्याशी कुणी बरोबरी करू शकत नाही. आपल्याकडे फार तर मूठ बसवायची, नाव छापायचं आणि खोक्यात भरायचं.

गरीचं, म्हणजे गळाचं, प्रकरण वेगळंच निघालं. गरी म्हणजे तारेचा एक वाकडा तुकडा, असं बाहेरून वाटतं. माझे वडील सायकलच्या आऱ्याची गरी करायचे. कानशीने टोक काढायचं, छिन्नीने काटा उचलायचा, पक्कडीने वळवायचं. लहान माशाला ती चालायची. मरळ लागली की मात्र सरळ होऊन हातात यायची, कारण ती नीट तापवून कडक केलेली नसे. खरी मेख तापवण्यात आहे. वळवलेली गरी लालभडक तापवून थंड केली की कडक होते, पण नुसती कडक गरी काचेसारखी तुटते. म्हणून तिला पुन्हा बेताने तापवून थोडी लवचीक करावी लागते. कडकपणा आणि लवचीकपणा यांचा हा मेळ लाखो नगांत एकसारखा बसवणं, हे कौशल्य नॉर्वेतल्या मुस्ताद कंपनीने कमावलं. 1832 साली ग्योव्हिक या गावात खिळे आणि तारेच्या कामापासून सुरू झालेल्या या घराण्याने 1877 मध्ये गऱ्या बनवायचं यंत्र आणलं आणि जगभरच्या पाण्यांत त्यांच्या गऱ्या गेल्या. आमच्या अकोल्याच्या दुकानातही कोळ्या-भोयांच्या तोंडी हे नाव आहे. आता त्यांचं बरंचसं उत्पादन आशियातच होतं.

देशी गऱ्या मिळतात. बिननावाच्या, कागदाच्या पुडीत सुट्या, स्वस्त. मी त्या घेतल्या आणि वापरल्या. गांडूळ लावून लहान मासे धरायला त्या पुरेशा आहेत. पण एकाच पुडीतली एक गरी धारदार तर दुसरी बोथट, एकीचा काटा नीट उचललेला तर दुसरीचा अर्धवट, असं होतं. चांगली निवडून घ्यावी लागते आणि ओली ठेवली तर लगेच गंजते. कटला किंवा मोठी मरळ धरायची असेल तर मी बाहेरची गरी बांधतो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. ज्याने एका वस्तूवर दीडशे वर्षं जीव ओतला त्याची वस्तू घ्यावी. वाईट वाटतं ते एवढंच की पोलाद आपल्याकडे आहे, तार आपल्याकडे आहे, मासे धरणारी माणसं लाखोंनी आहेत, आणि तरी डोळे मिटून घ्यावी अशी एकही गरी त्या दुकानात आपली नव्हती.

जाळ्याकडे वळलो तेव्हा मात्र चित्र पालटलं. दुकानदाराने आतून जाडसर हिरवट नायलॉनचं बंडल काढलं. जाळं किलोवर विकतात. त्याने तराजूवर टाकलं आणि म्हणाला, हे आपल्या महाराष्ट्रातलंच. बंडलावर गरवारेचं नाव होतं. तासगावात जन्मलेल्या आबासाहेब गरवाऱ्यांच्या उद्योगसमूहातली ही कंपनी 1976 साली सुरू झाली. कारखाने पुण्याला आणि वाईला. वाई म्हटलं की आपल्याला कृष्णेचे घाट आठवतात, विश्वकोश आठवतो. तिथंच जाळी आणि दोरखंड होतात आणि जगभर जातात. नॉर्वे, स्कॉटलंड, चिली या देशांत समुद्रात मोठे पिंजरे लावून सामन मासा वाढवतात. त्या पिंजऱ्यांची जाळी या कंपनीकडून जातात. थंड खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारं, शेवाळ कमी धरणारं, माशाच्या अंगावरच्या उवांना अटकाव करणारं जाळं बनवणं सोपं नाही. त्यासाठी धाग्यापासून संशोधन लागतं.

म्हणजे नॉर्वेवाल्यांच्या नावाची गरी पूर्णेत पडते आणि सातारा जिल्ह्यातलं जाळं नॉर्वेच्या समुद्रात उतरतं. हे कळल्यापासून माझ्या डोक्यातली एक जुनी अढी गेली. बाहेरचं ते चांगलं आणि आपलं ते कामचलाऊ, हे मी वर्गात मुलांच्या तोंडून, लग्नघरात पाहुण्यांच्या तोंडून, बाजारात गिऱ्हाइकांच्या तोंडून आयुष्यभर ऐकत आलो. जाळ्याच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. आपल्याकडे जाळं उत्तम होतं, कारण त्यामागे नेट लावून काम झालं. कोचीची मत्स्यतंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था 1957 सालापासून आहे. तिने कुठला धागा, किती जाड, कोणता डोळा यावर अभ्यास केला आणि नवी जाळी मच्छीमारांपर्यंत पोचवली. कन्याकुमारी जिल्ह्यात जाळी विणणारे कारखाने उभे राहिले. गरीसाठी असं कुणी झटलेलं माझ्या पाहण्यात नाही.

माझा मेहुणा काटेपूर्णा धरणावर महानला मासे धरतो. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळतात, तसा तो तिथल्या संस्थेचा सभासद आहे. त्याला हे सगळं मोठ्या हौसेने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“भाऊजी, जायं देशी का विदेशी थे तुमी पाहा. मी तं पायतो का थे किती मयने टिकते.”

त्याचं बरोबर होतं. रोजच्या मासळीवर ज्याचं घर चालतं त्याच्याकडून बिल्ल्यावरच्या देशाची चौकशी करण्याची अपेक्षा करू नये. पण मग आम्ही दोघांनी टिकण्याचाच हिशेब केला. एका पदरी बारीक तंगुसाचं स्वस्त आयात जाळं तो दर हंगामाला घेतो. ते फाटलं की शिवता येत नाही, तसंच धरणात किंवा काठावर टाकून दिलं जातं. तिथं ते वर्षानुवर्षं पडून राहतं आणि त्यात मासे, कासवं, पाणपक्षी अडकून मरतात. पीळ दिलेल्या नायलॉनचं देशी जाळं महाग, जरा जड, पण फाटलेला डोळा घरी बसून भरता येतो. आजोबांनी शिकवलेली गाठ त्यालाही येते. यंदा त्याने निम्मं जाळं पिळाचं घेतलं आहे.

आणि आता काठी. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथं.

मेळघाटात जो बांबू वाढतो तो बहुतेक मानवेल. कोरड्या, खडकाळ उतारावरचा मानवेल जवळजवळ भरीव असतो, म्हणूनच पोलिसांच्या लाठ्या त्याच्याच होतात. परतवाड्याला, मेळघाटच्या दाराशी, बुरडांची घरं आहेत. सुपं, टोपल्या, ताटव्या हे त्यांचं काम. अशाच एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी गेलो. गरीची काठी हवी म्हटल्यावर त्यांनी विणत असलेली टोपली बाजूला ठेवली आणि उठलेच.

“मंग पोकय बांबू नोको. भरीव घ्या जी. आन कवळा बी नोको, तीन पावसाळे खाल्लेला पायजे.”

त्यांनी ढिगातून एक-एक काढून जमिनीवर आपटला, आवाज ऐकला, पेरं हाताने चाचपली. निवडलेला बांबू मंद जाळावर फिरवत शेकला. गरम असतानाच गुडघ्यावर दाबून बाक काढला. मग म्हणाले, आता सावलीत टांगा आणि जवसाचं तेल पाजत जा. मी तसं केलं. अमरावतीच्या एका सोनाराने स्टीलच्या तारेच्या कड्या करून दिल्या, त्या मी सुती दोऱ्याने काठीला आवळून वरून वार्निश दिलं. सगळा खर्च दुकानातल्या स्वस्तातल्या स्वस्त कार्बनच्या काठीपेक्षा कमी झाला. काठी जड आहे, हे खरं. तासभर धरली की मनगट भरून येतं आणि लांब फेक करायची तर कार्बनची काठी केव्हाही सरस. पण मासा ओढू लागला की मानवेल ज्या तऱ्हेने वाकतो आणि पुन्हा उभा राहतो, ते नातीने एकदा अनुभवलं आणि दुसरी काठी मागितली नाही.

पुढे वाचता वाचता कळलं की याच जातीच्या बांबूपासून एकेकाळी परदेशातही काठ्या बनत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले बंदूक बनवणारे सॅम्युएल फिलिपी आणि पुढे मेनमधले हायरम लेनर्ड यांनी बांबूच्या त्रिकोणी चिरा काढून, त्या चिकटवून काठ्या बनवायचं कसब वाढवलं. त्यासाठीचा बांबू भारतातून जायचा. कलकत्त्याच्या बंदरातून जात असल्याने त्याला तिकडे कलकत्ता केन म्हणत, आणि ही जात मानवेलाचीच मानली जाते. त्या कांड्यांवर जागोजागी जाळल्याचे डाग असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या क्वांगतुंगमधला टोंकिन बांबू पुढे आला. त्याची पेरं लांब आणि सरळ होती. त्याने आपल्या बांबूला मागे टाकलं. 1950 साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तेव्हा तिथल्या कारागिरांना टोंकिनही मिळेना, आणि तोवर काचतंतूच्या काठ्या येऊ लागल्या होत्या. त्या काळात आपला बांबू पुन्हा त्या बाजारात शिरला नाही.

वऱ्हाडच्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 65 या वर्षांत, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, सरकी काढायचे कारखाने आले, कापूस लँकेशायरला गेला आणि कापड होऊन परत आला. कच्चा माल द्यायचा आणि तयार वस्तू घ्यायची. बांबूचंही तेच झालं: चिरा काढणारे, चिकटवणारे, नाव कमावणारे हात तिकडे होते.

आज बांबूवरचे कायद्याचे फास सैल झाले आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2011 मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा हक्क वापरून दाखवला. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर लावलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून निघाला, म्हणजे शेतकऱ्याला तो तोडायला आणि न्यायला मोकळीक झाली. मेळघाटात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथं शिकलेल्या हातांच्या बांबूच्या राख्या दूरदूर गेल्या. ज्या हातांना राखीएवढं बारीक काम येतं त्यांना गरीची काठी अवघड नाही. त्यांना कुणी मागितलीच नाही, एवढंच.

बाकीचं सामान पटकन सांगतो. पाण्यावर तरंगणारा तुकडा मी ज्वारीच्या धांड्याचा करतो, पूर्वीही तोच होता. शिशाच्या गोळ्या आम्ही लहानपणी चुलीवर शिसं वितळवून ओल्या रेतीत ओतायचो. तो धूर विषारी असतो, कुणीही घरात हे करू नये, गोळ्या दुकानातून घ्याव्यात. दोरी गुंडाळायचं चाक मात्र वऱ्हाडात होत नाही. बंगालमध्ये गरी टाकणाऱ्यांचा शौक जुना, तिथं त्याला हुईल म्हणतात आणि तिथले कारागीर साधी धातूची चाकं बनवतात. अकोला-बडनेरा हा हावड्याचा रस्ता. रेल्वेत असलेल्या मामेभावाने तसं एक आणून दिलं. त्यात दातेरी चक्रं नाहीत, बिघडायला काही नाही. नातीला ते जमलं.

22 सप्टेंबर 2025 पासून मासेमारीच्या काठ्या आणि सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. मच्छीमारांना त्याचा आधार झाला, हे चांगलंच. पण हा कर देशी आणि परदेशी मालाला सारखाच लागतो, त्यामुळे देशात काय बनेल हे त्याने ठरणार नाही. ते कारखान्याने आणि गिऱ्हाइकाने ठरेल. आमच्याकडची कापडगिरणी, अचलपूरची फिनले मिल, 2020 च्या टाळेबंदीत बंद पडली. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे, त्याचं भूमिपूजन 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्याहून झालं. तिथं शर्टाचं कापड होईल, होऊ द्या. पण जाळंही धाग्याचंच असतं. अप्पर वर्धा, काटेपूर्णा, वान, शहानूर या धरणांवर जाळी टाकणारे भोई, केवट, ढीवर इथंच आहेत. जाळी विणण्याचं एखादं युनिट त्या पार्कात यावं, आणि त्यात ज्यांच्या हातात गाठ आहे त्या घरांतल्या पोरी-पोरांना आधी घ्यावं, अशी माझी मागणी आहे. मच्छीमार संस्थांनी ठराव करून ती पुढे न्यावी.

आणि ज्यांना नुसती हौस आहे त्यांना तीन गोष्टी सांगतो. धरणावर गरी टाकण्याआधी तिथल्या संस्थेला विचारा, आणि मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात तर टाकूच नका. दुकानात पुडी उलटी करून देश वाचा आणि देशी नसेल तर दुकानदाराला मोठ्याने विचारा, म्हणजे पुढच्या खेपेला तो मागवेल. काठी हवी असेल तर दिवाळीनंतर परतवाड्याला बुरडांकडे जा, तीन पावसाळ्यांचा भरीव मानवेल मागा, आणि निदान दोन महिने सावलीत वाळवल्याशिवाय तो पाण्यावर नेऊ नका.